आगीतून बाहेर आलेल्यांची शुश्रूषा

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पत्रकांबरोबर आरोग्याचा एखादा प्रश्न विस्ताराने मांडण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, क्षयरोग अशा विषयांवर यापूर्वी लिहून झाले आहे. या वेळी निवडलेला विषय मात्र रुग्णालयाच्या कोणत्याही एका विभागाच्या फलकावर आढळणार नाही. आग विझवण्यासाठी आणि पुरात अडकलेल्यांना बाहेर काढण्यासाठी जे जवान धावून जातात, त्यांच्या प्रकृतीची काळजी कोणी, कोठे आणि कधी घ्यावयाची, हा तो विषय होय. ही काळजी रुग्णालयाच्या दारात सुरू होऊन भागत नाही, ती आगीच्या जागेपासून शंभर-दीडशे पावलांवर सुरू व्हावी लागते, असे आमचे अनुभवांती बनलेले मत आहे. त्यामागील कारणे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापूरकरांच्या विस्मरणात जाणे शक्य नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले आणि पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले नाट्यगृह त्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. सारे शहर हळहळले. जळालेल्या वास्तूची छायाचित्रे घरोघरी पाहिली गेली आणि पुनर्बांधणीची मागणी झाली, ते योग्यच होते. परंतु जुने लाकूड, पडदे, रंग, खुर्च्यांतील फोम आणि विजेच्या तारा एकाच वेळी जळत असताना पाण्याचा मारा करीत उभी असलेली माणसे त्या धुरात काय श्वासावाटे घेतात, दुसऱ्या दिवशी त्यांची प्रकृती कशी असते, याची चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाही. वास्तूचे नुकसान डोळ्यांना दिसते. माणसाच्या रक्तातील आणि हृदयातील नुकसान बाहेरून दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

आग विझवणारा जवान मृत्युमुखी पडतो तो भाजून किंवा कोसळलेल्या बांधकामाखाली सापडून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तिला आधारही तसाच भक्कम आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी मुंबईतच काळबादेवी येथील गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना इमारत कोसळली. त्या दुर्घटनेत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन तसेच संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी दलाने गमावले. त्यांपैकी अमीन आणि नेसरीकर यांनी भाजलेल्या अवस्थेत काही दिवस मृत्यूशी झुंज दिली. दलाचा प्रमुख स्वतः आगीच्या तोंडाशी उभा होता, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात ठेवलेली नाही, असे आम्हांस वाटते.

असे मृत्यू वर्तमानपत्रांत येतात. याहून वेगळ्या तऱ्हेचा मृत्यू मात्र येत नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तेथील अग्निशमन जवानांच्या कामावर असताना झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराने झाले होते. त्या हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक-तृतीयांश मृत्यू प्रत्यक्ष आग विझवण्याच्या कामाशी निगडित होते. वास्तविक वर्षभराच्या एकूण कामाच्या वेळेपैकी आग विझवण्यात जाणारा वेळ अत्यल्प, एक ते पाच टक्के एवढाच असतो. ठाण्यावर बसलेल्या जवानाच्या तुलनेत आगीशी झुंजणाऱ्या त्याच जवानाच्या हृदयाला असलेला धोका कित्येक पटींनी वाढतो, असा याचा अर्थ होतो. पुष्कळदा हा झटका आग विझल्यानंतर, परतीच्या वाटेवर किंवा घरी गेल्यावर येतो. मग त्याचा आगीशी संबंध कोणी जोडत नाही.

असे का घडते, हे समजण्यासाठी शरीराचा व्यवहार पाहावा लागेल. अग्निरोधक पोशाख, हेल्मेट, गमबूट आणि पाठीवरील श्वसन उपकरण यांचे मिळून वीस ते पंचवीस किलोंचे ओझे जवानाच्या अंगावर असते. त्यात पाण्याने भरलेला होज पाईप ओढणे, शिडी चढणे, दार तोडणे, बेशुद्ध माणूस उचलणे ही कामे. कष्टाने शरीरात निर्माण होणारी उष्णता घामावाटे बाहेर पडावी, ही निसर्गाची योजना आहे. परंतु बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून घातलेला जाड पोशाख आतली उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. तासाला एक-दीड लिटर घाम जातो, तो कपड्यांतच मुरतो, आणि घाम वाळल्याखेरीज अंग थंड होत नाही. आपल्या कोल्हापुरात याला आणखी एक जोड मिळते ती हवेतील दमटपणाची. जुलै-ऑगस्टात पाऊस पडतो म्हणून जवानाला उकाड्याचा त्रास कमी होत असेल, हा समज चुकीचा आहे. हवेत बाष्प गच्च भरलेले असताना पोशाख उघडला तरी घाम वाळत नाही. एप्रिल-मेचे ऊन आणि श्रावणातील दमट हवा या दोहोंपासून सारखेच सावध राहिले पाहिजे.

तालमीत वाढलेल्या कोल्हापूरकरास हे निराळे सांगण्याची गरज नसावी. लाल मातीत घाम गाळलेला मल्ल मेहनत संपताच धाडकन आडवा होत नाही. तो फिरतो, अंग पुसतो, दम खाली येऊ देतो आणि मगच थंडाई घेतो. त्याला हे वस्तादाने शिकवलेले असते. आग विझवणाऱ्या जवानाची मेहनत मल्लापेक्षा कमी नाही. उणीव आहे ती त्याच्या मेहनतीनंतर जवळ उभे राहणाऱ्या वस्तादाची.

हृदयावर एकाच वेळी तीन बाजूंनी ताण येतो. आपत्तीची घंटा वाजताच नाडी झपाट्याने वाढते. झोपेतून उठून दोन मिनिटांत बंबावर चढणाऱ्याच्या बाबतीत हा बदल विशेष तीव्र असतो. पुढे घामामुळे रक्तातील पाणी कमी होऊन हृदयास प्रत्येक ठोक्याला अधिक श्रम पडतात. तिसरी गोष्ट रक्ताची. एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली १९ निरोगी जवानांना सरावासाठी पेटवलेल्या आगीतून बचावकार्य करावयास लावून नंतर त्यांचे रक्त तपासले. ते अधिक चिकट झालेले, त्यात गुठळी धरण्याची प्रवृत्ती वाढलेली, आणि रक्तवाहिन्यांची सैल होण्याची क्षमता घटलेली आढळली. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच थोडा अडथळा आहे, पण ज्याची कधी तपासणी झालेली नाही, अशा पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या जवानाचे अशा वेळी काय होईल, हे सांगावयास हृदयरोगतज्ज्ञ नको.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. पाश्चात्त्य देशांतील अग्निशमन दलांनी आगीच्या जागेजवळच विश्रांती आणि तपासणीचे ठिकाण उभारण्याची पद्धत गेल्या काही दशकांत रुळवली आहे. अमेरिकेत २००८ पासून त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय मानक करण्यात आले. त्याचे स्वरूप साधे आहे. धुराच्या विरुद्ध दिशेला, बंबांच्या धुरापासूनही दूर, सावलीची किंवा छताची जागा निवडावयाची. श्वसन उपकरणाचे अर्ध्या तासाचे एक नळकांडे संपले, किंवा उपकरणाविना वीस मिनिटे जोराचे काम झाले, की जवानाने किमान दहा मिनिटे बसावयाचे व पाणी प्यावयाचे. दोन नळकांडी संपली, किंवा चाळीस मिनिटे जोराचे काम झाले, की विश्रांतिस्थानी येऊन किमान वीस मिनिटे पूर्ण विश्रांती आणि तपासणी. तेथे प्रथम पोशाख उतरवावयाचा. निदान कोट उघडून विजार घोट्यापर्यंत तरी खाली करावयाची. मग नाडी, रक्तदाब, तापमान पाहावयाचे आणि त्याच्याशी चार शब्द बोलावयाचे. बोलणे हीदेखील तपासणीच आहे. उत्तर देताना अडखळणारा, चिडणारा किंवा एकाच गोष्टीची पुनरुक्ती करणारा जवान उष्माघाताच्या उंबरठ्यावर असू शकतो. वीस मिनिटांनंतरही नाडी शंभराच्या खाली येत नसेल तर त्याला पुन्हा आत पाठवू नये, असा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळला जातो.

अंग थंड करण्याची सर्वांत सोपी युक्ती ऐकून आमच्याकडील काही मंडळींना प्रथम हसू आले होते. जवानाने खुर्चीवर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या टबात दहा ते वीस मिनिटे बुडवून ठेवावयाचे, एवढीच ती युक्ती. शरीर तापलेले असताना हातांतील रक्तवाहिन्या पूर्ण फुललेल्या असतात. तेथून वाहणारे रक्त पाण्यात उष्णता सोडते आणि गार होऊन हृदयाकडे परतते. उन्हाळ्यात नळाचे पाणी कोमट असते, तेव्हा त्यात बर्फ टाकावा लागतो. दोन प्लास्टिकचे टब, बर्फ आणि खुर्ची एवढ्या साहित्यात हा उपचार होतो. मात्र जवान भ्रमिष्टासारखे बोलू लागला किंवा शुद्ध हरपली, तर टबाने भागणार नाही. तेव्हा सर्वांगावर गार पाणी ओतावे, मान, काखा व जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात, वारा घालावा. आधी अंग थंड करावे आणि मग रुग्णवाहिका हलवावी, हा क्रम वैद्यकशास्त्राने निःसंदिग्धपणे सांगितलेला आहे. उष्माघातात मिनिटांचा हिशेब असतो. वाहतुकीत अडकलेल्या रुग्णवाहिकेत ती मिनिटे वाया जातात.

पाण्याच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. कोल्हापुरात कोठेही आग लागली की गल्लीतील तरुण मंडळे आणि तालमी जवानांसाठी चहा-पाणी घेऊन धावतात, हे या शहराचे भूषण आहे. त्यांनी चहाबरोबर मीठ-साखरेचे पाणी आणावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि वर लिंबू. चमचा चहाचाच घ्यावा. घामावाटे क्षारही गेलेले असतात, नुसते पाणी फार प्यायल्याने रक्तातील सोडियम उतरून भोवळ येऊ शकते. ताकही उत्तम. तांबडा-पांढरा रस्सा मात्र आग पूर्ण विझल्यावर, हात धुऊन झाल्यावर.

आता धुराकडे वळू. आगीच्या धुरातील सर्वांत फसवा घटक म्हणजे कार्बन मोनॉक्साइड वायू. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटण्याचा त्याचा गुण आहे. परिणामी रक्त वाहत राहते, पण ऑक्सिजन पोहोचत नाही. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. जवान म्हणतो, जेवलो नाही म्हणून पित्त झाले. येथे एका गोष्टीकडे आम्ही सर्व वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. कोविडच्या काळात बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचले आणि त्यावरील आकड्यावर आपला विश्वास बसला. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हे उपकरण दिशाभूल करते. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतील फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही. रुग्ण गुदमरत असताना ते ९८ किंवा ९९ असा निर्वेध आकडा दाखवीत राहते. तेव्हा धुरातून आलेल्या माणसाची डोकेदुखी आणि ऑक्सिमीटरचा आकडा यांत विसंगती दिसली, तर डोकेदुखीवर विश्वास ठेवावा.

या विषबाधेचे खरे प्रमाण रक्ताच्या विशिष्ट तपासणीने कळते, किंवा त्याकरिता बनवलेल्या निराळ्या उपकरणाने बोटावरूनही अंदाज घेता येतो. उपचार म्हणजे घट्ट बसणाऱ्या मास्कने भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर एक ते दीड तास पुरतो. जो उपचार बंबाशेजारी नळकांडे ठेवून तत्काळ सुरू करता येतो, त्यासाठी रुग्णालयाच्या प्रवेशाची कागदपत्रे होईपर्यंत थांबणे अनाठायी आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात हा वायू मुळातच काही प्रमाणात असतो. विश्रांतिस्थानी धूम्रपानास सक्त मनाई असावी ती यासाठी. फोम, प्लास्टिक, लोकर, रेशीम जळताना सायनाइडचा वायूही निर्माण होतो आणि दोहोंचा घात मिळून होतो.

ज्वाला विझल्यावर धोका टळला असे वाटते, तेव्हाच पुष्कळ जवान मास्क काढतात. राखेखालचे निखारे उकरण्याचे, धुमसणारा माल बाहेर ओढण्याचे काम यानंतर सुरू होते. धुमसणाऱ्या आगीत ज्वलन अपुरे असल्याने कार्बन मोनॉक्साइड उलट अधिक प्रमाणात निघतो. आपल्या जिल्ह्यास हा मुद्दा फार जवळचा आहे. साखर कारखान्याच्या आवारातील बगॅसच्या डोंगराला आग लागली तर ती आतून धुमसत राहते. वरून मारलेले पाणी आत शिरत नाही, ढीग यंत्राने फोडावा लागतो, आणि हे काम तासांचे नव्हे तर दिवसांचे असते. इचलकरंजीतील सूत आणि कापसाच्या गोदामांची तीच कथा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतील उष्णता तर रोजचीच, तेथे आग नसतानाही कामगार उष्म्याशी झगडत असतो; त्यांच्याविषयी कधीतरी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

धुराचा दुसरा परिणाम वर्षांनी प्रकट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली अग्निशमनाचा व्यवसाय 'कर्करोगास कदाचित कारणीभूत' अशा गटात ठेवला होता. २०२२ साली तो तंबाखूचा धूर आणि अॅस्बेस्टॉस ज्या पहिल्या गटात आहेत त्यात घालण्यात आला. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांच्याबाबत पुरेसा पुरावा असल्याचे संस्थेने म्हटले आहे. न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तेथील अग्निशमन दलाचे ३४३ जण एका दिवसात गेले. त्या ढिगाऱ्यावर काम केल्यामुळे जडलेल्या आजारांनी दगावलेल्यांची संख्याही २०२३ च्या सप्टेंबरात ३४३ वर पोहोचली. हल्ल्याला बावीस वर्षे झाली होती.

काजळीतील ही द्रव्ये श्वासाबरोबरच कातडीतूनही आत जातात. मान, जबडा, मनगटे आणि जांघ येथील कातडी पातळ असते, तीत ती चटकन मुरतात, आणि घामेजलेल्या, तापलेल्या अंगात अधिकच. काजळीने काळवंडलेला कोट हे शौर्याचे चिन्ह मानण्याची प्रथा जगभर होती, आपल्याकडेही आहे. ती सुटली पाहिजे. अमेरिकेतील अभ्यासांत असे आढळले की, आगीच्या जागीच साबणाचे पाणी आणि ब्रश यांनी पोशाख धुतल्यास त्यावरील घातक द्रव्यांपैकी सुमारे ८५ टक्के निघून जातात, आणि ओल्या पुसण्यांनी मान पुसल्यास तेथील निम्म्याहून अधिक. बादली, साबण, ब्रश, टॉवेल! एवढ्या स्वस्तात कर्करोगाचा धोका कमी करण्याचे साधन वैद्यकशास्त्रात क्वचितच सापडेल.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै यांचा उल्लेख केल्यावाचून कोल्हापुरात हा विषय पुरा होत नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही पुरांत ती बारा फुटांहून अधिक ओलांडली गेली. अशा वेळी आग विझवणारेच जवान बोटी घेऊन पाण्यात असतात आणि दिवस-दिवस ओल्या कपड्यांत राहतात. येथे प्रश्न उष्णतेचा नसून गारठ्याचा, पायांच्या कातडीचा आणि लेप्टोस्पायरोसिसचा असतो. पायांवरील जखमा झाकणे, धनुर्वाताची लस घेतलेली असणे, कोरडे मोजे मिळणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन घेणे एवढे झाले तरी पुष्कळ झाले. पुरानंतर दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना किंवा डोळ्यांत लाली आल्यास अंगावर काढू नये.

हे सारे ठाऊक असूनही घडत का नाही, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत उपस्थित झाला होता. मनुष्यबळाची टंचाई हे पहिले कारण. विश्रांतीसाठी चौघांना बाहेर काढावयाचे तर आत जाण्यास दुसरे चौघे हवेत. अशा स्थितीत नियम सांगणे सोपे आणि पाळणे कठीण, हे आम्ही जाणतो. दुसरे कारण स्वभावाचे. सहकारी आत असताना स्वतः सावलीत बसणे जवानाला लाजिरवाणे वाटते. म्हणून विश्रांतीचा निर्णय त्याच्यावर सोपवता कामा नये. तो घटनास्थळीच्या अधिकाऱ्याचा हुकूम असला पाहिजे, आणि तपासणाऱ्या डॉक्टर किंवा परिचारिकेने 'आता नाही' म्हटले तर तो शब्द अखेरचा मानला गेला पाहिजे. महाराष्ट्रात आगप्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम, २००६ लागू आहे. त्यायोगे इमारती किती सुरक्षित झाल्या याची चर्चा होते. आग विझवणाऱ्याच्या प्रकृतीची चर्चा त्याच गांभीर्याने व्हावी, एवढीच आमची अपेक्षा.

मनाच्या जखमांविषयी थोडक्यात. लहान मूल हातात दगावलेले पाहिल्यावर पुढे कित्येक रात्री झोप न येणे ही दुर्बलता नव्हे. परंतु घटनेनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून अनुभव सांगावयास लावणे उपयोगी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केलेली नाही. पाणी, कोरडे कपडे, घरी एक दूरध्वनी आणि शेजारी शांतपणे बसणारा सहकारी हे पहिले उपचार. महिनाभरानंतरही झोप उडालेली असेल, चिडचिड किंवा मद्यपान वाढले असेल, तर मानसोपचार विभागात यावे. तेथील नोंदी गोपनीय ठेवल्या जातात.

घरच्या मंडळींनी काय पाहावे, हे आम्हांस वारंवार विचारले जाते. आगीवरून परतलेल्या जवानाने मुलांना जवळ घेण्यापूर्वी साबणाने स्नान करावे, त्याचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता निराळे धुवावेत. त्या रात्री वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा झोपेतून नीट जाग न येणे ही चिन्हे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. काही वायूंचा फुप्फुसांवरील परिणाम चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी दिसतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सुरू झालेली धाप तितकीच महत्त्वाची. छातीत दडपण आल्यास ते वाऱ्याचे किंवा पित्ताचे समजून सोडा देत बसू नये. आणखी एक खूण फारशी कोणास ठाऊक नसते. लघवी गडद, काळ्या चहासारखी झाली तर अतिश्रम आणि उष्णता यांनी स्नायू विरघळून त्यांतील द्रव्य मूत्रपिंडात अडकत असल्याचा तो इशारा असतो. वेळीच सलाईन मिळाल्यास मूत्रपिंडे वाचतात, उशीर झाल्यास डायलिसिसची पाळी येते. डायलिसिस विभागासाठी आपण सढळ हाताने साहाय्य केले आहे. या रुग्णाला त्या विभागात यावेच लागू नये, अशी आमची इच्छा आहे.

आपल्या रुग्णालयाने या कामी एक लहानसा संच सिद्ध ठेवण्याचे ठरवले असून विश्वस्त मंडळाने त्यास मान्यता दिली आहे. मोठ्या आगीची वर्दी मिळाल्यावर आणि अग्निशमन दलाने बोलावल्यावरच, त्यांच्या अधिकाऱ्याच्या आज्ञेत राहून, एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक मदतनीस हा संच घेऊन जातील. रुग्णवाहिकेत जागा मोजकी असल्याने संचही मोजका ठेवला आहे. ताडपत्री आणि घडीच्या खुर्च्या, टब, बर्फाची पेटी, ऑक्सिजनची दोन नळकांडी व मास्क, रक्तदाबमापक, तापमापक, हृदयालेख काढण्याचे सुटसुटीत यंत्र, मीठ-साखरेची पाकिटे, साबण, ब्रश, टॉवेल. बोटावरून कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण पाहणारे उपकरण तेवढे घ्यावयाचे राहिले आहे आणि ते या यादीतील सर्वांत खर्चिक आहे. याखेरीज चाळिशी ओलांडलेल्या जवानांची वर्षातून एकदा हृदयतपासणी विनामूल्य करण्याचा मानस असून ती अग्निशमन सप्ताहात, म्हणजे १४ ते २० एप्रिल या काळात, ठाण्यावर जाऊनच करावयाची आहे. रुग्णालयात या असे सांगितले तर जवान येत नाहीत, हे आम्ही आता शिकलो आहोत.

पुष्कळ सुहृद रोख देणगीऐवजी वस्तू देऊ इच्छितात, त्यांच्यासाठी एक विनंती. या संचात सर्वांत लवकर संपणारी वस्तू म्हणजे कोरडे बनियन आणि टॉवेल. बनियन सुती असावेत, आणि नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठे. ओल्या अंगावर घट्ट बनियन चढत नाही. ते रुग्णालयाच्या भांडार विभागात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत स्वीकारले जातात आणि त्यांची पावती दिली जाते.